अ‍ॅमेझॉन समजून घ्यायची तर उल्हास नदी नको, ठाण्याची खाडी बघा

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

दहावीला भारत आणि ब्राझील जोडीने शिकवतात, त्यामुळे आपल्याकडे दरवर्षी लाखो मुलं अ‍ॅमेझॉनचे आकडे घोकतात. लांबी सुमारे 6400 किमी, पाणलोट क्षेत्र सुमारे 70 लाख चौ. किमी, मुखाशी विसर्ग सेकंदाला 2 लाख घनमीटरहून जास्त. आकडे बरोबर आहेत, पण डोळ्यासमोर चित्र उभं राहतं ते आपल्या ओळखीच्या नदीचं, फक्त शंभरपट फुगवलेलं. तिथेच गडबड होते.

आपली ओळखीची नदी म्हणजे उल्हास. राजमाचीच्या डोंगरातून उतरायचं, कर्जत-बदलापूर-कल्याण करत सव्वाशे किमीच्या आत समुद्र गाठायचा. अ‍ॅमेझॉनचा उगम पेरूच्या अँडीजमध्ये 5000 मीटरच्या वर आहे हे खरं, पण हा सगळा उतार ती सुरुवातीलाच संपवून टाकते. पेरूतलं इकितोस शहर समुद्रापासून नदीमार्गे सुमारे 3600 किमी आत आहे आणि त्याची उंची आहे जेमतेम 106 मीटर. भागाकार करा: किलोमीटरला 3 सेंमीपेक्षाही कमी उतार. वाशी ते पनवेल एवढ्या अंतरात अर्धा-पाऊण मीटर.

म्हणून माझं म्हणणं असं की खालची तीन-साडेतीन हजार किमीची अ‍ॅमेझॉन ही 'वाहून येणारी' नदी म्हणून शिकवण्यापेक्षा 'चढणारं-उतरणारं पाणी' म्हणून शिकवावी. आणि त्यासाठी उत्तम नमुना आपल्या दारात आहे, ठाण्याची खाडी. पाणी चढलं की कडेची चिखलपट्टी, तिवरं, नाल्यांची तोंडं सगळं भरतं. उतरलं की रिकामं. तिकडे हेच होतं, फक्त सहा तासांऐवजी सहा महिन्यांनी.

जाणकारांनी भर घालावी, चूक असेल तिथे कान पकडावा.

वाशीकर_सेक्टर17

मुद्दा आवडला. पण एक अडतंय. उतार जर किमीला 3 सेंमी असेल तर पाणी वाहतं तरी कसं? आमच्याकडे पावसाळी नाल्याला किमीला 20 सेंमी उतार असला तरी पाणी तुंबतं.

पाणीमोजणी (कळवा)

चांगला प्रश्न. उत्तर 'खोली'. नदीचा वेग फक्त उतारावर ठरत नाही, तळ आणि काठ पाण्याला किती अडवतात यावरही ठरतो. पाणी जितकं खोल, तितका तळाचा अडथळा त्यातल्या कमी हिश्शाला जाणवतो.

मॅनिंगचं सूत्र अभियांत्रिकीवाल्यांना पाठ असतं: वेग = (खोलीचा 2/3 घात × उताराचं वर्गमूळ) ÷ खडबडीतपणाचा अंक. रुंद नदीला खोलीच धरली तरी चालते. आता आकडे घाला.

ओबिदुस हे खालच्या अ‍ॅमेझॉनवरचं सगळ्यात अरुंद ठिकाण. समुद्रापासून सुमारे 800 किमी आत. तिथे पात्र साधारण 1.8 किमी रुंद आणि 60 मीटरपर्यंत खोल. सरासरी 50 धरू. उतार किमीला 2 सेंमी, म्हणजे 0.00002. खडबडीतपणा 0.03.
50 चा 2/3 घात = 13.6
0.00002 चं वर्गमूळ = 0.0045
गुणाकार भागिले 0.03 = सेकंदाला साधारण 2 मीटर

म्हणजे ताशी 7 किमी. झपझप चालणाऱ्या माणसाला मागे टाकेल. आता तोच उतार ठेवून खोली अर्धा मीटर करा, तुमच्या नाल्याएवढी. वेग येतो सेकंदाला 9 सेंमी. पाणी हललेलंही दिसणार नाही, आणि त्यात प्लास्टिक अडकलं की संपलंच.

ओबिदुसची 1.8 किमी रुंदी म्हणजे किती हे बघायचं असेल तर मानखुर्दहून वाशीला येताना खाडीपुलावर डोकं वर करा. पूल जवळपास तेवढाच लांब आहे. आता पुलाखाली खाडीच्या जागी पंधरा-सोळा मजले खोल पाणी आहे, आणि ते सगळं एकाच दिशेने ताशी 7 किमीने चाललंय अशी कल्पना करा. 1800 × 50 × 2 = सेकंदाला 1,80,000 घनमीटर. ओबिदुसच्या प्रत्यक्ष मोजणीची सरासरीही याच घरात आहे. मुखापर्यंत तापाजोस, शिंगू या उपनद्या मिळून ती 2 लाखांच्या वर जाते.

नवी मुंबईकरांसाठी आणखी एक हिशेब: मोरबे धरणाची पूर्ण क्षमता सुमारे 191 दशलक्ष घनमीटर. अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी ते 15 मिनिटांत भरेल.

वाशीकर_सेक्टर17

पंधरा मिनिटं! आणि आपण जुलैभर टक्केवारी मोजत बसतो. हिशेब लिहून घेतला.

येऊर_पायथा

खाडीकाठ, तुमची तुलना मला अर्धीच पटते. खाडीत पाणी चढतं ते समुद्र ढकलतो म्हणून. ठाण्याच्या खाडीला वरून येणारं गोडं पाणी पावसाळा सोडला तर नगण्य. म्हणून तर ती खारी आहे, म्हणून तर तिवरं आणि फ्लेमिंगो आहेत. अ‍ॅमेझॉनमध्ये उलट. तिथे नदीचा रेटा एवढा की खारं पाणी मुखातून आत शिरतच नाही, उलट गोडं पाणी समुद्रात शंभर किमीहून पुढे पसरतं. किनारा दिसत नसतानाही जहाजावरून बादली सोडली तर मचूळ, जवळपास पिण्याजोगं पाणी येतं, ते यामुळे.

दुसरं, खाडीतला गाळ बराचसा आत-बाहेर करत तिथेच घुटमळतो. अ‍ॅमेझॉन दरवर्षी 100 कोटी टनांच्या आसपास गाळ समुद्रात नेते. हा जवळपास सगळा अँडीजचा. अँडीजचा डोंगराळ भाग पाणलोटाच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा, पण गाळाची खाण तीच.

खाडीकाठ

@येऊर_पायथा, खारेपणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तुलना पाण्याच्या चढ-उताराची आहे, पाण्याच्या जातीची नाही. हे वर लिहायला हवं होतं.

पण भरती मात्र आत जाते हं. मीठ जात नाही, उंचीची लाट जाते. कोरड्या हंगामात नदी खाली असताना भरती-ओहोटीचा परिणाम थेट ओबिदुसपर्यंत, म्हणजे 800 किमी आत मोजता येतो. तिथे तो काही सेंटिमीटरचाच उरतो. लाटेला एवढं अंतर कापायला इतका वेळ लागतो की पहिली भरती वर पोचायच्या आत मुखाशी पुढच्या भरत्या सुरू झालेल्या असतात. एकाच वेळी नदीत एकामागे एक अनेक भरत्या चालत असतात. आपल्याकडे उल्हासमध्ये भरती कल्याणच्या आसपास दमते.

मुखाजवळच्या उथळ फाट्यांत हीच भरती भिंतीसारखी उभी राहते, ती पोरोरोका. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लाट 4 मीटरपर्यंत जाते. अरागुआरी नदीतली पोरोरोका सर्फिंगवाल्यांत जगप्रसिद्ध होती. गेल्या दशकात ती मेली. कारण समजून घेण्यासारखं आहे: वर धरणं झाली, काठावर म्हशींचे कळप आले. म्हशींच्या पायवाटांचे चर झाले, चरांचे नाले झाले, नाल्यांनी नदीचं पाणी दुसरीकडे वळवलं आणि जुनं मुख गाळाने भरलं.

पाणीमोजणी

म्हशींनी नदी वळवली हे कुणी सांगितलं तर खोटं वाटेल. पण किमीला 2 सेंमी उताराच्या प्रदेशात गुडघाभर चरही मोठा असतो. नवी मुंबईत खाडीलगत कुणी भराव टाकला की तिसऱ्याच सेक्टरमध्ये पाणी का साचतं, त्याचंही उत्तर हेच.

भूगोल_बाई

वर्गात सगळ्यात जास्त चुकणारा भाग अजून आला नाही: पूर कधी आणि का.

मुलं लिहितात, 'विषुववृत्तीय प्रदेशात वर्षभर पाऊस, म्हणून नदीला वर्षभर सारखं पाणी.' चूक. मानाउस शहराजवळ (पुस्तकी रूप मॅनॉस) रिओ निग्रो या मोठ्या उपनदीची पातळी 1902 पासून रोज मोजतात. तिथे दरवर्षी सरासरी 10 मीटरचा फरक पडतो. तीन मजले. 2021 च्या जूनमध्ये पातळी 30 मीटरच्या रेषेला टेकली, तो आजवरचा उच्चांक. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 12.70 मीटरचा नीचांक झाला आणि पुढच्याच वर्षी तोही मोडला.

आता पाऊस बघा. मानाउसला वर्षाला साधारण 2300 मिमी, ठाण्याला अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे ठाणं कमी नाही! पण आपला जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो, तर तिकडे सगळ्यात कोरड्या ऑगस्टमध्येही काही सरी असतातच. येऊरला पानगळ होते आणि मानाउसला होत नाही, याचं कारण एकूण पावसात नाही, त्याच्या वाटपात आहे. 'जास्त पाऊस म्हणजे वर्षावन' असं उत्तर लिहिणाऱ्याचा अर्धा गुण मी कापते.

मग 10 मीटरचा चढ कुठून? उपनद्यांच्या वेळापत्रकातून. दक्षिणेकडच्या मादेइरा, पुरुस वगैरे नद्यांच्या क्षेत्रात पाऊस डिसेंबर ते मार्च, त्यांचा पूर मार्च-एप्रिलला. उत्तरेकडे पाऊस नंतर, रिओ निग्रोचा पूर जून-जुलैला. दोन्ही पूर एकत्र आले असते तर मुख्य नदीचं काय झालं असतं! ते एकामागोमाग येतात, म्हणून मुख्य नदी महिनोन् महिने हळूहळू चढते, मे-जूनमध्ये शिखरावर जाते आणि हळूहळू उतरते. दिवसाला फार तर काही सेंमी. आपल्या उल्हासचं उलट. 2019 च्या जुलैत वांगणीजवळ एका रात्रीत पाणी रुळांवर येऊन अख्खी गाडी अडकली. तिकडे पूर येतोय हे तीन महिने आधी कळतं.

या चढत्या पाण्यात रान बुडतं. गढूळ पाण्याच्या नदीकाठचं बुडणारं रान म्हणजे वार्झिया, काळ्या पाण्याकाठचं इगापो, आणि कधीच न बुडणारी उंच जमीन ती तेरा फिर्मे. वार्झियात झाडं वर्षातले चार-सहा महिने पाण्यात उभी असतात, काही ठिकाणी 7 ते 10 मीटर पाण्यात. तांबाकी नावाचा मासा तेव्हा झाडांखाली फिरून पाण्यात पडलेली फळं आणि बिया खातो आणि बिया दूर नेऊन टाकतो. आपल्याकडे वडाच्या बिया पक्षी नेतात, तिकडे हे काम मासेही करतात.

वाशीकर_सेक्टर17

बाई, वार्झिया म्हणजे आपल्या होल्डिंग पाँडसारखं म्हणता येईल का? भरती असताना पाऊस पडला की पाणी तलावात थोपवायचं, ओहोटीला सोडायचं.

भूगोल_बाई

छान उदाहरण! काम तेच, रचना वेगळी. आपल्या धारण तलावाला खाडीच्या बाजूने झडपा असतात. भरतीचं पाणी बाहेरून ढकलतं तेव्हा झडप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. वार्झियातल्या तळ्यांना झडप नसते. नदी चढली की अरुंद वाटांनी नदीचंच पाणी आत येतं, उतरली की त्याच वाटेने बाहेर. एकच ओढा वर्षात दोन दिशांनी वाहतो.

पण जे बिघडतं ते दोन्हीकडे सारखं. पाणी स्थिर झालं की गाळ बसतो आणि तळं उथळ होतं. वार्झियात नदी दरवर्षी काठ खाते आणि जुनी तळी बुजताना नवी तयार करते. काठ कोसळण्याला तिकडे 'पडलेली जमीन' अशा अर्थाचा शब्द आहे. आपला तलाव मात्र जागच्या जागी बांधलेला. गाळ काढला नाही तर त्यात तिवरं उगवतात आणि मग तो काढता येत नाही.

पामबीच_पालक

नमस्कार. प्रदर्शनासाठी मुलीला मानाउसजवळचा काळ्या-पांढऱ्या पाण्याचा संगम करून दाखवायचा आहे. काचेच्या ट्रेमध्ये मधे पुठ्ठा धरून एका बाजूला गरम कोरा चहा, दुसरीकडे मातीचं गार पाणी घेतलं. पुठ्ठा काढला की पाच सेकंदात सगळं मिसळतं. नेटवर तर लिहिलंय तापमान वेगळं म्हणून मिसळत नाही. काय चुकतंय?

प्रयोगवही (घणसोली)

ट्रे चुकतोय आणि नेटवरचं एका ओळीचं उत्तरही चुकतंय.

आधी खरं काय होतं ते. सोलिमोइश (मानाउसच्या वरच्या अ‍ॅमेझॉनचं ब्राझीलमधलं नाव) अँडीजचा गाळ घेऊन येते, दुधाळ चहाच्या रंगाची. तापमान साधारण 22 अंश, वेग ताशी 4 ते 6 किमी. रिओ निग्रो जुन्या, झिजलेल्या, वाळूच्या जमिनीवरून येते. त्या वाळूला पानांच्या कुजण्यातली आम्लं धरून ठेवता येत नाहीत, ती सरळ पाण्यात उतरतात. म्हणून रंग कोऱ्या चहाचा आणि पाणी आम्लधर्मी. तापमान 28 अंशांच्या आसपास, वेग ताशी 2 किमी. दोन्ही शेजारी-शेजारी सुमारे 6 किमी वाहतात.

तापमान, घनता, वेग हे फरक मदत करतात, पण मुख्य गोष्ट ही की दोन्ही पाणी एकाच दिशेने वाहतंय आणि पात्र काही किमी रुंद आहे. आडवं मिसळणं हे मुळातच सावकाश काम. तोवर पाणी पुढे निघून गेलेलं असतं. ट्रेमध्ये पाणी उभं आहे, त्यामुळे तिथे एकच खेळ उरतो: गार, मातकट, जड पाणी गरम चहाच्या खाली घुसतं. पाच सेकंदात मिसळलं म्हणता ते मिसळणं कमी, खाली घसरणं जास्त.

म्हणून ट्रे सोडा, पन्हळ करा:

1. सपाट तळाची, 1 मीटर लांब, 10 सेंमी रुंद पन्हळ. अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलचा तुकडा फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळतो. नाहीतर सनबोर्डची करा, सांधे सिलिकॉनने भरा. पाइप उभा चिरून घेऊ नका, गोल तळाला दोन्ही पाणी मधे गोळा होतं. आतून पांढरा रंग किंवा पांढरी पट्टी.
2. वरचं टोक खालच्यापेक्षा फक्त 5 मिमी उंच. पट्टीने मोजून 5 मिमी जाडीचे पुठ्ठे एकावर एक ठेवले की बास होईल. मोबाइलच्या लेव्हलने आडवी पातळी तपासा. पन्हळ बाजूला कलली तर रेघ त्या काठाला चिकटते.
3. 2 लिटरच्या दोन बाटल्या, बुडाजवळ 3 मिमीचं भोक. तापवलेल्या खिळ्याने पाडा, कड गुळगुळीत येते. भोकात सलाइनच्या नळीचा तुकडा बसवा.
4. एका बाटलीत कडक कोरा चहा, गाळून आणि पूर्ण गार करून. दुसरीत 2 लिटर पाण्याला 1 चमचा मुलतानी माती, वर थोडा पिवळा पोस्टर कलर. दोन्हींचं तापमान सारखं. हो, सारखंच. इतक्या उथळ पन्हळीत घनतेचा फरक नको आहे.
5. वरच्या टोकाला पहिले 10 सेंमी मधे प्लास्टिकची पातळ पट्टी उभी लावा. दोन्ही धारा आधी पट्टीच्या आपापल्या बाजूला स्पंजच्या तुकड्यावर पडू द्या. धार थेट पडली तर भोवरे होतात.
6. आधी साधं पाणी सोडून पन्हळ ओली करा, मग दोन्ही बाटल्या एकदम उघडा. खाली बादली.

पाण्याचा थर 2-3 मिमीचा येईल आणि मधली रेघ जवळपास खालपर्यंत टिकेल. मग पन्हळीच्या मध्यावर एक खडा ठेवा. खड्याच्या मागे रेघ फाटते आणि मिसळणं सुरू. नदीतही बेटं, वळणं, खोल खड्डे हेच काम करतात.

एक सूचना तक्त्यावर जरूर लिहा: या बाटलीत लिटरमागे अडीच ग्रॅम माती आहे. खऱ्या सोलिमोइशमध्ये साधारण शे-दोनशे मिलिग्रॅम. दिसावं म्हणून आपण बारा ते पंचवीस पट दाट केलंय.

पामबीच_पालक

खूप आभार. रेघ आली. पण उजवीकडचं पिवळं पाणी हळूहळू डावीकडे सरकतं.

प्रयोगवही

चहाची बाटली रिकामी होत आली असेल. पाण्याची उंची कमी झाली की धार मंदावते, मग जोर असलेली बाजू जास्त जागा घेते. दोन्ही बाटल्या सारख्या भरा आणि बूच काढून ठेवा, नाहीतर बाटलीत हवा शिरत नाही आणि धार गचके देते. एक बाजू मुद्दाम कमी करूनही दाखवता येईल: पाणी जास्त आणेल ती नदी पात्राचा मोठा हिस्सा बळकावते.

खाडीकाठ

तिसऱ्या रंगाचं पाणी राहिलं. तापाजोस, शिंगू या नद्या ब्राझीलच्या जुन्या पठारावरून येतात, गाळही नाही आणि काळी आम्लंही फार नाहीत. पाणी निळसर-हिरवं, नितळ. गढूळ, काळं, नितळ ही विभागणी हाराल्ड सिओली या जर्मन शास्त्रज्ञाने मांडली आणि आजही तीच वापरतात.

तापाजोसचं मुख नकाशात बघा. सांतारेमजवळ ही 'उपनदी' 15 किमीच्या आसपास रुंद होते, तळ्यासारखी. कारण हिमयुगात आहे. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता, त्यामुळे सगळ्या नद्यांनी आपापल्या दऱ्या खोल कापल्या. नंतर समुद्र चढला, दऱ्यांत पाणी भरलं. ज्यांच्याकडे अँडीजचा गाळ होता त्यांनी आपल्या दऱ्या भरून काढल्या. तापाजोसकडे गाळच नाही, तिची दरी अजून भरायची आहे.

कोकणातल्या खाड्या म्हणजे बुडालेल्या दऱ्याच, हे आपण शाळेपासून शिकतो. तिकडे समुद्रापासून सातशे किमी आत, नदीच्या पोटात, तीच गोष्ट.

येऊर_पायथा

ही तुलना मात्र पूर्ण पटली. पहिल्या पोस्टमध्ये हीच टाकायची होती.

धक्का_बेलापूर

बंदराच्या अंगाने थोडं. 10 मीटरच्या चढ-उतारात धक्का कसा बांधायचा? आपल्याकडे मांडव्याला रो-रो बोटीसाठी तरंगता धक्का आहे, कारण दिवसातून दोनदा पाणी 3-4 मीटर वर-खाली होतं. मानाउसला ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तरंगता धक्का बांधला. तत्त्व तेच: धक्का पाण्यावर तरंगतो आणि किनाऱ्याशी बिजागरीच्या पुलाने जोडलेला असतो. फरक असा की तिकडचा पूल जूनमध्ये जवळपास आडवा असतो आणि ऑक्टोबरात उतरणीला लागतो. म्हणून पूल लांब लागतो. 10 मीटर उतरायचं आणि चढ 1 ला 12 ठेवायचा तर 120 मीटर लांबी हवी.

समुद्रातली जहाजं 1500 किमी आत मानाउसला जातात, म्हणजे मुंबईहून रस्त्याने दिल्लीच्याही पुढे. छोटी जहाजं इकितोसपर्यंत. अडचण खोल पात्रात येत नाही, मुखाशी येते. तिथे गाळाचा दांडा आहे, भरलेल्या जहाजाला भरती साधून ओलांडावा लागतो. आणि मधल्या काही उथळ जागा कोरड्या हंगामात आडव्या येतात. 2023 च्या दुष्काळात मोठी कंटेनर जहाजं मानाउसपर्यंत पोचेनात. 2024 मध्ये खाली इताकोआचियाराला तरंगते धक्के लावून तिथे माल उतरवून बार्जमधून पुढे न्यावा लागला. त्याच 2023 मध्ये तेफे तळ्यात पाणी 39 अंशांवर गेलं आणि 100 हून जास्त डॉल्फिन मेले. पातळी घसरल्यावर तळं उथळ होतं आणि उन्हाने तापतं.

लालमाती

एवढं घनदाट जंगल म्हणजे सुपीक जमीन, असं गृहीत धरू नका. तेरा फिर्मेची माती बहुतांशी धुऊन निघालेली, तांबडी, नापीक. आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या वर्गातली. अन्नद्रव्यं मातीत नसून झाडांत आणि वरच्या पालापाचोळ्यात फिरत असतात. झाडं तोडून जाळली की दोन-तीन वर्षं पीक येतं, मग संपलं. धुऊन जाणाऱ्या फॉस्फरसची थोडी भरपाई सहारातून उडत येणारी धूळ करते. उपग्रह मोजणीतून 2015 मध्ये काढलेला अंदाज आहे वर्षाला 22 हजार टन फॉस्फरसचा. सुपीक म्हणावी ती वार्झिया, कारण तिला दरवर्षी अँडीजची ताजी माती मिळते.

भूगोल_बाई

परीक्षेच्या दृष्टीने नकाशा. ए-4 कागद आडवा, 1 सेंमीला 100 किमी. विषुववृत्ताच्या आसपास 1 अंश म्हणजे सुमारे 111 किमी, म्हणून 1 अंश = 1.1 सेंमी.

वरच्या बाजूला आडवी रेघ विषुववृत्ताची. मग ठिपके: इकितोस 73° प., 3.7° द. मानाउस 60° प., 3.1° द. ओबिदुस 55.5° प., 1.9° द. मकापा 51° प., अगदी विषुववृत्तावर. हे चार ठिपके जोडले की नदी झाली! विषुववृत्ताला जवळपास समांतर, खालच्या अंगाने आणि मुखाशी वर सरकत. कागदावर इकितोस ते मकापा साधारण 25 सेंमी येतं.

उपनद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे. उत्तरेकडून, म्हणजे डाव्या काठाने: नापो, जापुरा, निग्रो. दक्षिणेकडून: जुरुआ, पुरुस, मादेइरा, तापाजोस, शिंगू. मादेइरा मानाउसच्या खाली मिळते, वर नाही. ही चूक दरवर्षी दिसते.

मुखाशी पंखा काढू नका. तिथे गंगेसारखा समुद्रात पुढे आलेला त्रिभुज प्रदेश नाही. गाळ भरपूर आहे, पण किनाऱ्यालगतचा जोरदार सागरी प्रवाह आणि भरती तो वायव्येला गयानांच्या दिशेने ओढून नेतात, उरलेला पाण्याखाली उथळ समुद्रतळावर साचतो. मुखात मराजो बेट मात्र ठळक काढा, ते सुमारे 40 हजार चौ. किमी, म्हणजे केरळहून किंचित मोठं. आजच्या ठाणे जिल्ह्याच्या नऊ-दहा पट.

नकाशावेडा

बाईंच्या यादीत टोकांटिन्स नाही ते बरोबरच आहे. बरीच मुलं ती जोडतात. ती मराजोच्या दक्षिणेला पारा नदीच्या मुखात उतरते, म्हणून काटेकोरपणे ती अ‍ॅमेझॉनची उपनदी धरत नाहीत. बेलेम शहरही त्याच बाजूला, मुख्य प्रवाहावर नाही.

आणि एक गंमत: पाणलोटाची उत्तर सीमा अखंड रेघेने काढू नका. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीतून कासिक्विआरे नावाचा नैसर्गिक फाटा फुटतो आणि सव्वातीनशे किमी जाऊन रिओ निग्रोच्या खोऱ्यात उतरतो. एका नदीचं पाणी दोन खोऱ्यांत. जर्मन संशोधक हुम्बोल्टने 1800 साली तिथून प्रवास करून हे नोंदवलं. जलविभाजक इतका सपाट आहे की पाण्याला कुठल्या बाजूला जायचं ते ठरवता येत नाही.

वाशीकर_सेक्टर17

काँगोलाही खाडीचाच नियम लागू पडेल का? तीही वर्षावनातलीच.

पाणीमोजणी

नाही. काँगोचं खोरं बशीसारखं आहे आणि बशीची कड समुद्राच्या बाजूला. किन्शासापर्यंत नदी संथ, रुंद. तिथून मातादी बंदरापर्यंत साडेतीनशे किमीत ती धबधब्यांच्या रांगेतून पावणेतीनशे मीटरच्या आसपास खाली येते. म्हणून भरती मातादीच्या वर जाऊ शकत नाही आणि समुद्रातलं जहाजही नाही. विसर्ग सेकंदाला 40 हजार घनमीटरच्या आसपास, अ‍ॅमेझॉनच्या पाचव्या हिश्शाएवढा. पण पातळी अ‍ॅमेझॉनपेक्षा कितीतरी स्थिर, कारण नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते आणि उत्तर-दक्षिणेचे पावसाळे एकमेकांची भरपाई करतात.

तिच्यासाठी खाडीचा नमुना चालणार नाही. घाट उतरणारी नदी हवी, फक्त घाट शेवटी.

खाडीकाठ

म्हणजे उल्हास, पण उलटी धरलेली. काँगोचा वेगळा धागा काढा, तिथे येतो.